पोथीसारखा वाचलेला अर्ज

बीडच्या कचेरीबाहेर लिंबाच्या बुडाशी सात अर्जीनवीस बसायचे, आणि त्यातल्या सहांना गहिनीनाथाची किळस यायची. कारण साधं होतं. त्या सहांचा जन्म उर्दूत 'हुजूर, गरीबपरवर, फिदवी अर्ज करतो की' लिहिण्यात गेला होता, आणि हे बावीस वर्षांचं पोरगं, ना सनद ना धड मिशी, पोत्यावर बसून इंग्रजी लिहीत होतं. गहिनीनाथालाही त्यांची तेवढीच किळस यायची. पिचकाऱ्यांनी लिंबाचं बूड लाल झालं होतं. त्यावर माशा घोंगावायच्या आणि तिथून उडून दौतीच्या तोंडावर बसायच्या. इथं बसून लोकांची गाऱ्हाणी लिहायची म्हणजे उकिरड्यावर ताट मांडायचं, असं त्याला वाटायचं. पण जेवायचं तर होतंच.

इंग्रजी त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नगरहून येणाऱ्या एका रद्दीवाल्याकडून त्यानं दोन पायली जवारी देऊन एक व्याकरण घेतलं. पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. शिल्लक पुस्तक सुरू व्हायचं ते 'हेतू कसा सांगावा' ह्या धड्यापासून. त्यामुळं नाव कसं, क्रियापद कसं, हे त्याला अंदाजानंच कळायचं, पण कुठलंही काम कशासाठी केलं हे मात्र तो तीन तऱ्हांनी सांगू शकायचा. सो अॅज टू. इन ऑर्डर टू. इन ऑर्डर दॅट. त्याचं सगळं इंग्रजी ह्या तीन खुंट्यांवर टांगलेलं होतं. बाकीचे अर्जीनवीस त्याला सोयाजीराव म्हणायचे.

सो अॅज टूवर त्यानं लई डोकं घातलं होतं. सो म्हणजे एवढं, अॅज म्हणजे जेवढं. ही तर तुलनेची बोली झाली. दोन वस्तू तराजूत घालताना बोलावी तशी. ती हेतू सांगायला कशी आली? मग एक दिवस औत हाकता हाकता त्याला उमगलं. एवढं कर, जेवढ्यानं ते साधेल. एका पारड्यात काम, दुसऱ्यात हेतू. कमी नाही, जास्त नाही. हा विचार त्याला इतका आवडला, की औत तासाबाहेर गेलं तरी कळलं नाही. ज्या लोकांनी हेतूला असं माप लावलं ते लोक खरे असणार, असं त्याला वाटलं.

कचेरीनं हे खूळ दोन वर्षांत उतरवलं. भावाचं रान बळकवायचं असलं की माणूस सांगायचा, लिही, विधवा भावजयीला आधार व्हावा म्हणून. शिंदीचा गुत्ता पाहिजे असला की लिही, गावात चोरटी दारू होऊ नये म्हणून. काम एक शेर, हेतू एक मण. आणि हैदराबादेत बसलेल्या गोऱ्या साहेबाला हेच रुचायचं. उर्दू अर्ज वर्षभर पडून राहायचा, इंग्रजी अर्जाला दोन महिन्यांत उत्तर. गहिनीनाथ लिहायचा, वाळू टाकून शाई वाळवायचा आणि घरी जाऊन हात राखेनं घासायचा. वास जायचा नाही.

त्याचं गाव बीडजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला. गावाला वरची आळी आणि खालची आळी. खालच्या आळीत कुंभार, परीट, आणि कोरडवाहू कुणब्यांची दहा-पाच घरं. तिथंच गहिनीनाथाचं घर, म्हणजे त्याच्या चुलतीचं, भिवराबाईचं. आई-बाप प्लेगात गेले तेव्हापासून त्याला तिनंच वाढवलं. खालच्या आळीच्या तोंडाशी एक जुनी बारव होती, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची. ती कुणाच्या मालकीची नव्हती. घागर घ्यावी, उतरावं, गुडघाभर पाण्यात उभं राहून भरून घ्यावी. कुणाला विचारायचं नाही.

त्या पाण्यात नारू होता. उन्हाळा आला की आळीत घरटी एक माणूस लंगडायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून शिजल्या शेवईसारखा पांढरा किडा डोकावायचा. तो ओढून काढता यायचा नाही, तुटला तर पाय सडायचा. काडीला गुंडाळून रोज एक वेढा द्यायचा, काडी दोऱ्यानं पायाला बांधून ठेवायची. दीड-दीड महिना. भिवराबाईच्या पोटरीला त्या साली दोन काड्या होत्या. गहिनीनाथाला लहानपणी झाला होता. तेव्हापासून सणावाराला तो शेवयांचं ताट बाजूला सारायचा.

देवी टोचायला आलेल्या एका डागदरानं त्याला कारण सांगितलं होतं. नारूचा पाय पाण्यात पडला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो, आणि तेच पाणी बाकीचे पितात. पायऱ्या बंद करा, काठ बांधा, वरून रहाटानं पाणी काढा, नारू जाईल. गहिनीनाथानं हे आळीत सांगून बघितलं. लोक म्हणाले, देवीवाल्याला नारूतलं काय कळतंय.

तर त्या साली पौषात गावचे देशमुख आप्पाराव यांनी गहिनीनाथाला मळ्यात बोलावलं. आप्पाराव बाजेवर बसून चाकूनं पायाची नखं काढत होते. एकेक नख उडायचं आणि खाली पसरलेल्या चटईवर पडायचं, जिथं गहिनीनाथाला बसायला सांगितलं होतं. आप्पारावांनी आधी एक कागद पुढं केला. अर्जीनवीसाची सनद होती, मोहरेसकट, गहिनीनाथाच्या नावाची. कचेरीतला पेशकार आपल्या शब्दातला आहे, एवढंच ते म्हणाले. पहिल्यांदा कुणीतरी त्याला मास्तर म्हटलं.

मग काम सांगितलं. साहेबाला अर्ज लिहायचा. गावची बारव नारूनं नासलीय, ती सरकारनं बुजवावी, आणि गावासाठी सरकारी खर्चानं नवी विहीर पाडावी. जागा देशमुख आपल्या मळ्यात फुकट देतील.

"आन हेतू?" गहिनीनाथानं विचारलं. हे तो सवयीनं विचारायचा.

"नारू. दुसरं काय? तुमीच तर आळीत सांगत फिरतावं."

गहिनीनाथानं लगेच दौत उघडली नाही. कारण हे खरं होतं. आजवर त्यानं लिहिलेले हेतू खोटे असायचे, आणि खोट्याची त्याला सवय झाली होती. हा पहिलाच खरा हेतू होता, आणि त्याला सगळ्यांत जास्त घाण ह्याचीच येत होती. तो म्हणाला, मालक, बारवेच्या पायऱ्या फोडून वर रहाट बसवला तरी नारू जाईल.

आप्पारावांनी करंगळीचं नख उडवलं. "त्याला सरकार कशाला लागतंय? आन सरकार न्हाई, तर मी कशाला लागतोय?"

"पर मळा तुमचा हाय. पानी तुमच्या हातात जाईल."

"पानी जमिनीत असतंय, मास्तर. हातात न्हाई."

गहिनीनाथानं सनदेकडं बघितलं. सनद असली की लिंबाखालचे सहाही जण उठून जागा देणार होते. नारू तर जाईल, असं त्यानं मनाला सांगितलं. काकीच्या पायातल्या काड्या जातील. त्यानं चटईवरची नखं हातानं झाडली आणि दौत उघडली.

अर्ज लिहिण्यात त्यानं आपलं सगळं इंग्रजी ओतलं. बारव बुजवावी, सो अॅज टू रयतेला नारूपासून सोडवावं. विहीर मळ्यात पाडावी, इन ऑर्डर टू पाणी स्वच्छ राहावं. चार ठिकाणी हेतू आला आणि चारही ठिकाणी गोड आला.

आता सरकारी रीत अशी होती, की गावाच्या नावानं केलेल्या अर्जावर ज्यांचे अंगठे घ्यायचे त्यांना तो अर्ज आधी वाचून दाखवायचा. मग खाली अर्जीनवीसानं 'वाचून दाखवला, ऐकून कबूल' असं लिहून आपली सही करायची. ती सही नसली तर अर्ज रद्दीत. सनद लागायची ती ह्या सहीसाठी.

मारुतीच्या पारावर दोन्ही आळ्या जमल्या. आप्पारावांनी सांगितलं, मास्तर, साहेबाच्या बोलीत लिव्हलाय तर साहेबाच्या बोलीतच वाचा, लोकांच्या कानावर तर पडू द्या. आणि लोकांना ते पटलं. त्यांना पोथीची सवय. पोथीतलं संस्कृत कुठं कळतं? कानावर पडलं की पुण्य. आसाराम कुंभारानं घरून नारळ आणला. खालच्या आळीतल्या सुंदरबाईनं अर्जाच्या वरच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं. पाट मांडला, त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि गहिनीनाथाला त्यावर बसवलं.

त्यानं वाचलं. कचेरीबाहेर त्याचं इंग्रजी कुणी ऐकतही नव्हतं, आणि इथं दीडशे माणसं हात जोडून ऐकत होती. त्याचा आवाज आपोआप चढला. दर वेळी सो अॅज टू आलं की तो जरा थांबायचा, आणि पारावरची माणसं अभंगाचं पालुपद आल्यासारखी माना हलवायची. भिवराबाई पुढं बसली होती, काड्या बांधलेला पाय लांब करून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा गहिन्या साहेबासारखा बोलत होता.

वाचून झाल्यावर एकानंही विचारलं नाही, ह्यात लिहिलंय काय. नारळ फुटला. काजळीच्या शाईत अंगठे बुडाले. भिवराबाईचा अंगठा पहिला.

गहिनीनाथानं खाली लिहिलं, वाचून दाखवला, ऐकून कबूल. सही केली. प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं. ते खवट लागलं, पण त्यानं गिळलं.

शिमग्याच्या आधी मंजुरी आली. लिंबाखालच्या सहा जणांनी खरंच उठून जागा दिली. दोन महिने गहिनीनाथ सनदवाला होता आणि गावी गेलाच नाही. काम आहे, असा निरोप धाडायचा. गेला तो मंजुरी घेऊन नायब तहसीलदार बारव बघायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी.

मळ्याच्या वाटेवर त्याला नवं कवाड दिसलं. विहिरीचा अजून खड्डाही नव्हता, पण कवाड आधी लागलं होतं, बाभळीचं, कडी-कोयंड्याचं. घरी भिवराबाई खुरप्याला धार लावत बसली होती. फाल्गुनात खुरपं कशाला, असं त्यानं विचारलं.

ती म्हणाली, मळ्यात जायचं तर नेम पाळाया पाहिजे. घरटी एक बाई, आठवड्याला एक दिस, मालकाच्या रानात खुरपायला पात धरायची, मग त्या घराला घागर. मालकांनी आतापासून वार वाटून दिलेत. तिचा बेस्तरवार.

"असं कुनी सांगितलं, काकी?"

तिनं चेहऱ्याकडं बघितलं, जसं आपलंच पोर थट्टा करतंय. "साहेबानं. अर्जात लिव्हलंय न्हाई का? मालक म्हनले, मास्तरनं पारावर वाचून दावलंय, तुमी कबूल केलंय. तूच वाचलास की रं. लई गोड वाचलास."

अर्जात असं काहीच नव्हतं. पण हे सांगायला त्याला तोंड उघडता येईना. त्यानं वाचलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, आता त्या कागदात काय आहे हे आप्पाराव रोज नवं सांगू शकत होते. पोथी ऐकणाऱ्याला बुवा सांगेल तोच अर्थ. आणि पाटावर बसून ती पोथी वाचणारा बुवा तो स्वतः होता. भिवराबाईनं खुरपं बाजूला ठेवलं, काडीला त्या दिवसाचा वेढा दिला आणि त्याला भाकरी वाढली. त्यानं ताट सारलं. ह्या वेळी ताटात शेवया नव्हत्या.

सकाळी नायब आला, तट्टावर. बरोबर बारव बुजवायला आठ गडी. बारवेच्या काठाशी येताच त्यानं नाकाला रुमाल लावला. हिरवं पाणी, त्यावर शेवाळाची साय, तिच्यात बायका गुडघाभर उभ्या. नायब म्हणाला, तौबा, ये पीते हैं? आप्पाराव हात जोडून म्हणाले, म्हणूनच तर अर्ज केला हुजूर.

नायब घाईत होता. त्यानं अर्ज काढला आणि जमलेल्या लोकांना एकच विचारलं. अर्ज पढके सुनाया था? आसारामनं पुढं होऊन सांगितलं, होय सरकार, पारावर, नारळ फोडून. मागं पन्नास माना हलल्या. सुंदरबाई म्हणाली, कुकू म्या लावलं. नायबानं कागदावर तशी नोंद केली आणि गड्यांना खूण केली. पहिल्या गड्यानं पहिल्या पायरीला पहार लावली.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. गहिनीनाथ गर्दीतून पुढं आला. हे सगळे त्याच्यासाठी खरं बोलत होते.

"हुजूर, कागद द्या," तो म्हणाला. "म्या वाचला, पर म्या सांगितला न्हाई."

नायबानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. अर्जीनवीस तुम? गहिनीनाथानं हो म्हटलं. मग त्यानं कागद घेतला, ज्याच्या कोपऱ्याला अजून कुंकू होतं, आणि मराठीत सांगायला लागला. आवाज चढला नाही. बारव बुजवावी. बारवेच्या बदल्यात दुसरी विहीर खालच्या आळीत पाडावी असं ह्यात कुठंही नाही. विहीर देशमुखांच्या मळ्यात, देशमुखांच्या रानात. तिथं जायची वाट कुणाची, कवाड कुणाचं, ह्यावर एक शब्द नाही. पात धरायचं साहेबानं सांगितलेलं नाही. हे म्या लिव्हलं, सनदीपायी. तुमाला यातलं कायबी ठावं नव्हतं आन खाली 'कबूल' असं म्या लिव्हलं.

पहार थांबली.

नायबानं विचारलं, दस्तखत तुम्हारी? हो. मग त्यानं हात पुढं केला. गहिनीनाथानं कमरेची पुरचुंडी सोडून सनद दिली. नायबानं ती वहीत घातली, अर्जावर आडवं काहीतरी खरडलं आणि गड्यांना परत चला म्हणाला. चौकशी होईतो काम बंद. त्याला राग नव्हता आला, नुसता वीट आला होता. ह्या गावातून लवकर बाहेर पडून हात धुवावेत असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आप्पारावही रागावले नाहीत. जाताना फक्त गहिनीनाथापाशी थांबले. "मास्तर, आता तुमचा कागद कुनी ढुंगन पुसाया बी घ्यायचं न्हाई." आणि धोतराचा सोगा उचलून चिखल चुकवत निघून गेले.

गहिनीनाथाला वाटलं होतं, निदान आळी तरी काही बोलेल. बोलली. आसाराम त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला. "आमचा अंगठा म्हंजे काय थुकी हाय का बे? कुटंबी लावावी?" सुंदरबाईनं तर त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं लावलेल्या कुंकवाची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज कुणावर काढावी हे तिला कळत नव्हतं. भिवराबाई घागर घेऊन घरी गेली.

बारव वाचली. तीच बारव, तेच पाणी. दुपार उतरली तशा बायका परत घागरी घेऊन आल्या. सुंदरबाईच्या घोट्यावर फोड आलेला होता, टच्च, आज-उद्या फुटणारा. गहिनीनाथ वरच्या पायरीवर आडवा उभा राहिला. मावशे, त्यो पाय पान्यात घालू नको, त्याच्यानंच नारू होतोय, असं त्यानं विनवून सांगितलं. ती त्याला वळसा घालून उतरली. खाली जाऊन म्हणाली, पारावर बी असाच गोड बोलला होता.

तिचा पाय पाण्यात गेला. त्यानं बघितलं. शेवाळ बाजूला झालं आणि परत मिटलं. मागनं अजून दोघी आल्या, त्याही उतरल्या. खरं सांगायला त्याच्यापाशी आता दुसरी बोली उरली नव्हती. मराठीही त्यानंच खोटी पाडली होती.

तो घरी गेला. मोटेचा जुना सोल, जाड दोर, गोठ्यात लोंबत होता, तो खांद्यावर टाकून परत आला. बारवेच्या पडक्या बाजूला, जिथं पायऱ्या नव्हत्या, तिथं दोन दगडांवर पाय रोवून उभा राहिला आणि एक फुटकी कळशी बांधून खाली सोडली. कळशी अर्धी गळत वर यायची. हात सोलवटले. सोलाला जुन्या चामड्याचा कुजका वास होता. बायका बघत होत्या आणि हसत होत्या. एक म्हणाली, सनद गेली, आता सोयाजीराव पाणक्या झाला. त्यानं वर काढलेलं पाणी कुणी घेत नव्हतं. तो ते बाजूच्या डोणीत ओतत होता. डोण भरली, म्हशी पिऊन गेल्या.

भिवराबाई सांजच्याला आली, लंगडत. दोन्ही काड्या पोटरीला बांधलेल्या. ती पायऱ्यांशी थांबली. खालच्या पाण्याकडं बघितलं, मग दगडांवर उभ्या असलेल्या पोराकडं. गहिनीनाथ बोलू लागला, काकी, म्या—

"बोलू नगंस," ती म्हणाली. घागर तिनं दगडावर ठेवली. "वड."

त्यानं कळशी सोडली. घागर भरायला पाच खेपा लागल्या. ती तोवर तिथंच बसून राहिली, त्याच्याकडं पाठ करून, पाय कोरड्या मातीवर लांब ठेवून.